घडीखालची विहीर

आत्या तळहाताने घडी मोडत होती. एकदा हात फिरवला, मग पुन्हा, मग जरा जोर लावून. साडीची चुणी मोडावी तसा. नकाशा तिच्यापुढे सतरंजीवर पसरलेला होता आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळपट रेघ गेली होती. मी म्हणाले, "अगं आत्या, ती घडी नाहीये. छापलेली आहे." तिचा विश्वास बसेना. तिने बोटाने चाचपून पाहिलं. कागद सपाट, गुळगुळीत. "म्हंजे घडीचा फोटू काढलाय व्हय?" असं म्हणून ती हसली आणि मलाही हसू आलं, कारण नेमकं तेच झालं होतं. मूळ नकाशा कुणीतरी कापडावर चिकटवून घेतला असणार. घडी नीट पडावी म्हणून तेव्हा नकाशाचे आयताकृती तुकडे करून मध्ये बारीक फट ठेवून चिकटवायचे. अनेक वर्षांच्या घड्यांनी त्या कडा झिजल्या, मळल्या. मग त्याचं स्कॅन झालं, त्याची प्रत निघाली, आणि ती प्रत मी हौसेने विकत घेऊन शहाऐंशी वर्षांच्या आत्यापुढे मांडली.

मग तिने नकाशा उलटा फिरवला. मी सरळ केला, तिने परत उलटा केला. मला वाटलं, इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, तेव्हा उलट-सुलट काय कळणार. तिने मात्र ओढा ओळखला, मारुतीचं देऊळ ओळखलं, गावठाणाच्या टोकाला वाकलेली गाडीवाट ओळखली. मग म्हणाली, "आन् हीर कुठाय? वढ्याच्या पल्याडली?" मी भिंग घेऊन शोधलं. देवळाजवळ विहिरीची एक निळी टिकली होती. ओढ्यापलीकडे काही नव्हतं. मी ठामपणे सांगितलं की एकच विहीर दाखवली आहे आणि ती देवळापाशी आहे. आत्या म्हणाली, ती गावची, आपली पल्याड. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, नकाशा चुकत नाही गं. तुला आता नीट आठवत नसेल."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आमी पानी कुठलं पीत हुतो?"

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते जाईना.

आमचं जुनं गाव भीमेच्या काठी होतं, इंदापूरच्या बाजूला. होतं म्हणजे अजूनही आहे, उजनीच्या पाण्याखाली. धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये संपलं, आणि त्या दरम्यान गाव उठून वर आलं. नाव तेच, म्हणून सरकारी कागदावर काही घडल्यासारखं वाटतच नाही. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी आली की आमच्या घरात थोडी चुळबुळ सुरू व्हायची. या धरणाचा मृतसाठाच साठेक टीएमसी, त्यामुळे शून्याच्या खाली गेलं तरी पाणी असतंच. पण दुष्काळाच्या वर्षी ते इतकं खाली जातं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ चिखलातून वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात. आमचं गाव मात्र कधी दिसलं नाही. पाणी उतरलं तरी वर येईल असं दगडी देऊळ आमच्याकडे नव्हतं. पांढऱ्या मातीची धाब्याची घरं, ती पाण्यात विरघळून गेली असतील. मी स्वतः ते गाव पाहिलेलं नाही. म्हणून नकाशा.

मागवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंची शीट, ४७ जे या क्रमांकातली. एक इंच म्हणजे एक मैल. विक्रेत्याने तिला जुनाट दिसावं म्हणून चहात बुडवल्यासारखा तपकिरी रंग चढवला होता. मूळ शीटा चांगल्या पांढऱ्या कागदावर, स्वच्छ रंगांत छापलेल्या असतात, हे मला नंतर कळलं. त्याहून वाईट म्हणजे फ्रेममध्ये नीट बसावी म्हणून चारही बाजूंचे समास कापून टाकले होते. नकाशाचा समास म्हणजे त्याचा जन्मदाखला. मोजणी कुठल्या साली झाली, छपाई कधी, शेजारच्या शीटा कोणत्या, चिन्हांचा अर्थ काय, सगळं तिथेच. माझ्या हातात बिनवयाचा नकाशा आला होता. भिंतीवर टांगायला छान. पण आत्याशी वाद घालायला त्याच्यापाशी काही आधार नव्हता आणि मी तर तो घातला होता.

मग वय काढायचा खेळ सुरू झाला. काय आहे ते बघायचं आणि काय नाही ते त्याहून नीट बघायचं. नीरा डाव्या कालव्याची निळी रेघ दक्षिणेला होती, म्हणजे १८८५ नंतरचा. वालचंदनगर नव्हतं. तिथे नुसतं कळंब होतं, चार चौकोन आणि एक वाट. वालचंदनगर उभं राहिलं १९३० च्या दशकात, म्हणजे त्याआधीचा. रेल्वेने यात काही मदत केली नाही. वरच्या शीटवर दिकसलजवळ रूळ भीमा ओलांडतात, पण ते तिथून १८५९ पासून उजनीचं पाणी येईपर्यंत जातच होते. धरणानंतर लोहमार्ग बाजूला सरकला आणि त्या जुन्या पुलावरून पुढे एसट्या जायला लागल्या. तर १८८५ ते १९३०, एवढ्या पंचेचाळीस वर्षांत कधीतरी कुणी एक सर्वेअर पायांनी आमच्या शिवारात फिरला होता. त्या पंचेचाळीस वर्षांत एक विहीर सहज खोदली जाते. मी आत्याला 'नकाशा चुकत नाही' असं सांगितलं तेव्हा हा नकाशा कधीचा हेही मला ठाऊक नव्हतं.

एका रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे बरोबर १६३० फूट. जुन्या शीटवर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्चरेषा फुटांत आहेत, दर पन्नास फुटांना एक. म्हणजे १६०० आणि १६५० यांच्या मधून, मध्यापासून थोडी वर, अशी एक रेघ अंदाजाने ओढत जायचं. ओढ्यांमध्ये ती आत शिरते, टेपाडांना वळसा घालते. दोन तास लागले. पेन्सिल शीटच्या कडेला पोचली तेव्हा कागदावर तलाव तयार झाला होता, मोबाइलवर उपग्रहाच्या चित्रात दिसतो तसाच, हाताच्या पंजासारखा. फक्त याच्या पोटात अजून सगळं जागेवर होतं. मळई, वाळूचे ठिपके, गाडीवाटा, आणि नदीवर एका ठिकाणी इंग्रजीत लिहिलेलं 'फेरी'. आमचं गावठाण रेषेच्या बरंच आत होतं. इतकं आत की कुठल्याच उन्हाळ्यात ते का दिसलं नाही हे मला तेव्हा कळलं. भिगवणला रोहित पक्षी बघायला मी तीनदा गेले आहे, शहरातल्या मंडळींना घेऊन, दुर्बीण गळ्यात घालून. त्या पाण्याकडे मी तोवर पाणी म्हणूनच बघत होते.

'फेरी' हा शब्द पाहिला आणि आत्याने नकाशा उलटा का धरला ते उमगलं. तिला दिली होती करमाळ्याच्या बाजूला, पलीकडच्या काठाला. माहेरी यायची ती नावेतून. म्हणजे गाव तिच्यासमोर कायम दक्षिणेकडे उगवायचं. आधी काठावरचे दगड, मग मारुती, मग डावीकडे ओढा. उत्तर वर असते हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. तिच्या लेखी माहेर वर होतं. मी ज्याला उलटा म्हणत होते तो नकाशा तिच्याकडून अगदी सरळ धरला गेला होता.

आमच्याच तालुक्यात हे घडावं याची मला गंमतही वाटते. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, ती सुरू झाली इंदापुरात. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये याच तालुक्यापासून नव्याने मोजणी मांडली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही मोजणीच्या टिपणाची जुनी प्रत उघडली की बांधाच्या कडेने साखळी-आणे लिहिलेले दिसतात. लांबी आण्यांत मोजायची ही कल्पनाच मला गोड वाटते. पण त्या मोजणीने एक गोष्ट पुसली. तोवर शेतांना नावं होती, जुन्या कागदांत ज्यांना थळ म्हणत. मोजणीनंतर नंबर आले. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि शेवटी गट पाण्यात गेले. आत्याकडे मात्र अजून पहिलाच थर शाबूत आहे. लवणातलं, चिंचंखालचं, खडकाळ, बाईचा मळा. विचारलं की एका दमात म्हणते, पाढे म्हणावेत तसं. आणि ओढ्यापल्याडची विहीर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, बाईच्या मळ्यात.

कुठली बाई, हे मी कधी विचारलं नव्हतं. नाव ते नाव.

दुसरी प्रत मिळवायला चारेक महिने गेले. मधल्या काळात मी इंटरनेटवरचे नकाशे धुंडाळले. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात केलेली भारताची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांना खुली ठेवली आहे. त्यात उजनीच्या आधीची भीमा दिसते, सडपातळ, वळणं घेत जाणारी. पण अडीच लाखांत एक या प्रमाणात आमचं गाव म्हणजे एक गोल ठिपका आणि वेडंवाकडं स्पेलिंग. नात्यातल्या लोकांना पाठवायला ठीक, विहीर शोधायला नाही. आपलं गाव कुठे होतं एवढंच हवं असेल तर तो नकाशा पुरतो. आपलं घर कुठे होतं हे हवं असेल तर एक इंचीसुद्धा अपुरी पडते. तिच्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे त्रेसष्ट मीटर. आमची आख्खी आळी तांदळाच्या दाण्याखाली झाकली जाते. माझ्या प्रतीत घडीच्या दोन्ही बाजूंचा मिळून दीड-दोन मिलिमीटर मजकूर झिजून गेला होता, म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर रुंदीची जमीन. शिवाय फटीमुळे तुकडे सरकलेले, त्यामुळे घडी ओलांडून पट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकणार. मी गावापासून नदीचं अंतर तसंच मोजलं होतं आणि वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आणि घडी गेली होती ती नेमकी ओढ्यावरून.

दुसरी प्रत सपाट शीटवरून काढलेली होती, समासासकट. मोजणीचं साल माझ्या अंदाजात बसलं याचा क्षणभर फुकटचा अभिमान वाटला. मग संगणकावर ओढ्याची जागा मोठी करत गेले. ओढ्याची काळी रेघ, तिच्या पलीकडे काळ्या ठिपक्यांची वाट, आणि वाटेच्या कडेला एक निळसर काहीतरी. देवळाजवळची विहीर तशी स्पष्ट होती. हे मात्र त्याहून फिकं, जरा लांबट. त्या काळी प्रत्येक रंग वेगळा छापायचे आणि तो केसभर सरकला की निळं काळ्यापासून सुटून भलतीकडे पडायचं. विहीर असेल, छपाईचा घसरलेला निळा असेल, किंवा कुणाच्या शाईच्या बोटाचा डाग असेल. मी ते चित्र तीन जणांना पाठवलं. एकीने विहीर म्हटलं, एकाने डाग, आणि तिसऱ्याने विचारलं की तू ठीक आहेस ना.

शेवटी उत्तर नकाशात मिळालं नाहीच. धरणासाठी जमीन घेतली तेव्हाच्या भूसंपादनाच्या निवाड्यात मिळालं. नकाशाच्या नादाला लागलेल्यांनी हा रूक्ष कागद आधी मिळवावा असं माझं मत झालं आहे. नकाशा काढणारा दिसेल ते आणि मावेल ते काढतो. पैसे द्यायला आलेला माणूस सगळं मोजतो. आमच्या गटासमोर लिहिलं होतं, विहीर पक्की बांधीव एक, लिंब चार, चिंच एक, बाभळी अमुक इतक्या. त्या एका चिंचेची किंमत वाचताना 'चिंचंखालचं' हे नाव डोळ्यांपुढे आलं आणि मी पान बाजूला ठेवलं. गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढला, पोटहिश्श्यांसकट. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर वर्तुळात लिहिलेले असतात, त्यांचं बोट धरून एकेक पायरी मागे जाता येतं. अशा तीन वर्तुळांनंतर एका फाटक्या पानावर मोडीत दोन ओळी होत्या. मोडी मला अडखळत वाचता येते. पहिला शब्द बाईचं नाव होता, मग 'कोम', मग पणजोबांचं नाव आणि आमचं आडनाव. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. पुढे लिहिलं होतं की ही जमीन चोळी-बांगडीसाठी दिली.

बाईचं नाव माझ्या पणजीचं नव्हतं.

वडिलांनी लिहिलेली वंशावळ माझ्याकडे आहे. फुलस्केपवर, लाल आणि निळ्या शाईत, नऊ पिढ्या. फार कष्टाने केली होती त्यांनी, गावोगाव फिरून, वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांना गाठून. मी ती काढून पाहिली. पणजोबांच्या खाली तीन मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे. बायका कुठेच नाहीत. आत्या नाही. मीही नाही, आणि हे मला तोवर कधी खटकलंही नव्हतं.

आत्याला भेटायला गेले तेव्हा मी ते नाव नुसतं उच्चारलं. तिने चष्मा काढून ठेवला. "थोरली आई," म्हणाली. पणजोबांची पहिली बायको. मूल झालं नाही म्हणून दुसरी केली, आणि दुसरी आली तेव्हा पंचांनी बसून पहिलीला ओढ्यापलीकडचा तुकडा तोडून दिला. पाण्यापासून लांबचा, कुणाला नको असलेला. तिने तिथे छप्पर घातलं. विहीर तिने पाडली. पाटल्या मोडल्या आणि माणसं लावली, असं आत्याने ऐकलेलं. पहिल्या वर्षी खडक लागला, दुसऱ्या वर्षी पाणी लागलं. आणि देवळाजवळची गावची विहीर चैत्रात तळाला गेली की ज्या घरातून तिला काढलं त्याच घरच्या पोरी घागरी घेऊन ओढा ओलांडायच्या. आत्या त्यातलीच एक, सहा-सात वर्षांची. थोरली आई धाकट्या पोरींना आधी भरू द्यायची. "बोलायची न्हाई लई. पन् दोर तीच वडायची, आमाला वडू द्याची न्हाई." वारली कधी, हे आत्याला सांगता आलं नाही. पुढे मळा आजोबांच्या नावावर चढला, आणि भरपाईही त्यांनीच घेतली. त्या पैशातून जे घर झालं त्यात मी वाढले.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. वडिलांचा राग आला, पण तोही पुरता आला नाही. त्यांना जसं शिकवलं तसं त्यांनी लिहिलं. सर्वेअरचा तर येतच नाही. त्याच्या एका इंचात एक मैल बसवायचा होता. तरी आमच्या घरातल्या कुणीच जिचं नाव लिहिलं नाही, तिच्या विहिरीसाठी त्याने कदाचित निळ्या शाईचा एक कण टाकला होता, आणि मग तिच्यावरच घडी पडली. 'कदाचित' हा शब्द मला त्या वाक्यातून काढता येत नाही. कधी कधी वाटतं, आपल्याला हवं म्हणून तो डाग आपण निळा करून घेतला.

यंदा मी नवी प्रत काढून घेतली. तपकिरी रंग नाही, समास आहेत, आणि आमच्या शिवाराचा भाग चौपट मोठा केलेला. सतरंजीवर अंथरताना मीच दक्षिण वर केली. आत्याला आता फार बारीक दिसत नाही, पण ओढा तिने बोटाने धरला. "घडी गेली की," म्हणाली. मग पेन मागितलं. माझ्याकडे निळं बॉलपेन होतं. तिचा हात थरथरतो म्हणून तिने ते माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, तूच काढ. नकाशावर पेन टेकवायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. ज्या फिकट डागाला मी चार महिने विहीर म्हणत होते त्याच्यावर मी टोक नेलं.

"तिथं न्हाई," आत्या म्हणाली. "अलीकडं."

मी पेन सरकवलं.

"आजून जरा अलीकडं. वाटंच्या ह्या अंगाला. हां. तिथं."